कागदी फुले

हा लेख कागदापासून हाताने तयार केल्या जाणाऱ्या फुलांविषयी आहे. गुरू दत्त दिग्दर्शित १९५९ सालच्या हिंदी चित्रपटासाठी 'कागज के फूल' हा लेख पाहावा.

कागदी फुले म्हणजे कागद कापून, ताणून, दुमडून व चिकटवून तयार केलेल्या फुलांच्या प्रतिकृती होत. पूजास्थाने, मिरवणुका, विवाहमंडप, गृहसजावट आणि भोजनाचे टेबल अशा विविध ठिकाणी त्यांचा वापर होतो. उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांत वसंतोत्सव येतो तेव्हा ताजी फुले पुरेशी उमललेली नसतात. त्यामुळे वसंताच्या स्वागताशी कागदी फुलांचा विशेष संबंध जुळला आहे. जपान, व्हिएतनाम, पोलंड अशा परस्परांपासून दूर असलेल्या देशांत हा संबंध स्वतंत्रपणे दिसून येतो. कागदी फूल तयार करण्याचे कौशल्य मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : मूळ फुलाच्या रचनेचे निरीक्षण आणि कागदातील तंतूंच्या किंवा सुरकुत्यांच्या दिशेचे ज्ञान.

संज्ञा व व्याप्ती

कृत्रिम फुले कापड, मेण, शंख-शिंपले, लाकडाचा भुसा, शोला (भेंड), प्लास्टिक अशा अनेक पदार्थांपासून तयार करतात. त्यांपैकी ज्यांच्या पाकळ्या कागदाच्या असतात, त्यांनाच काटेकोर अर्थाने कागदी फुले म्हणतात. देठासाठी तार, बांबूची काडी किंवा खरी फांदी वापरली तरी ही संज्ञा बदलत नाही. कागदाची केवळ घडी घालून, न कापता व न चिकटवता केलेली फुले ओरिगामी या जपानी कलाप्रकारात मोडतात. कागदाचे तुकडे सपाट पृष्ठभागावर चिकटवून केलेली पुष्पचित्रे हा याच कलेचा आणखी एक निकटचा प्रकार आहे.

इतिहास

कागदनिर्मितीचा उगम चीनमध्ये झाला आणि कागदी फुलांचे जुने अवशेषही तेथेच सापडले आहेत. पुरातत्त्ववेत्ते ऑरेल स्टाइन यांना १९०७ साली दुनह्वांग येथील मोगाव लेण्यांतील ग्रंथगुहेतून हस्तलिखितांबरोबर काही कागदी फुलेही मिळाली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. साधारणतः नवव्या-दहाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या या फुलांमध्ये रंगीत कागदाचे कापलेले थर एकावर एक बसवलेले आहेत. मध्यभागी केसर आणि भोवती पाकळ्यांची वर्तुळे, ही आजही वापरात असलेली रचना त्यांत स्पष्ट दिसते.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी (१७००–१७८८) यांनी या कलेला वनस्पतिशास्त्रीय अचूकता दिली. पतीच्या निधनानंतर, वयाच्या सत्तरीनंतर, १७७२ साली त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत कागदाचे बारीक तुकडे चिकटवून फुलांची चित्रे करण्यास प्रारंभ केला. दृष्टी क्षीण झाल्यामुळे १७८२ साली त्यांना हे काम थांबवावे लागले. तोपर्यंत त्यांची सुमारे एक हजार चित्रे पूर्ण झाली होती. ती ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहेत. समोर खरे फूल ठेवून, त्याच्या पुंकेसरांची संख्या मोजून काम करण्याची त्यांची पद्धत पुढील कारागिरांना मार्गदर्शक ठरली.

एकोणिसाव्या शतकात युरोप व अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरांमध्ये कागदी फुले करणे हा स्त्रियांचा लोकप्रिय छंद होता. त्या काळात प्रामुख्याने पातळ टिश्यू कागद वापरला जाई. शतकाच्या अखेरीस ताणता येणारा सुरकुतलेला क्रेप कागद प्रचारात आला आणि फुलांना खोलगट, गोलाईदार आकार देणे सोपे झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील डेनिसन या कागद-उत्पादक कंपनीने क्रेप कागदाची फुले व टेबलाची सजावट यांविषयी सचित्र पुस्तिका प्रसिद्ध केल्या. सणानुसार टेबल सजवण्याची प्रथा सामान्य कुटुंबांत रुजण्यास त्यांची मदत झाली. शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टिकच्या स्वस्त फुलांमुळे या कलेला उतरती कळा लागली.

वसंत ऋतूशी संबंध

जपानमधील नारा येथील तोदाइजी मंदिरात शुनिए हा विधी इसवी सन ७५२ पासून अखंडपणे होत आला आहे. सध्या तो १ ते १४ मार्च या काळात होतो. त्यासाठी भिक्षू फेब्रुवारीच्या उत्तरार्धात कागदाची कॅमेलिया फुले तयार करतात. पाकळ्यांसाठी पांढरा व तांबडा कागद, तर केसरांसाठी पिवळा कागद असतो. तांबड्या रंगासाठी करडईच्या फुलांचा आणि पिवळ्यासाठी गार्डेनियाच्या फळांचा उपयोग करण्याची परंपरा आहे. तयार फुले कॅमेलियाच्या खऱ्या, हिरव्या पानांच्या फांद्यांवर खोवून निगात्सुदो या सभागृहातील वेदीभोवती ठेवतात. मंदिराच्या आवारातील कॅमेलियाच्या एका झाडाची तांबडी फुले पांढऱ्या ठिपक्यांची असतात. तांबड्या कागदावर खळ सांडावी तसे ते ठिपके दिसतात. म्हणून त्या झाडाला 'नोरिकोबोशी', म्हणजे 'सांडलेली खळ', असे नाव आहे. कागदी फुलाने खऱ्या फुलाचे अनुकरण करावे आणि खऱ्या फुलाला कागदकामावरून नाव मिळावे, असा हा दुहेरी संबंध आहे.

व्हिएतनाममध्ये हुए शहराजवळील थान्ह तिएन हे गाव सुमारे तीनशे वर्षांपासून कागदी फुलांसाठी ओळखले जाते. चांद्र नववर्षाच्या, म्हणजे तेत या वसंतोत्सवाच्या सुमारास, तेथील कुटुंबे बांबूच्या काड्यांवर रंगीत फुले बांधून विक्रीस नेतात. ही फुले घरातील देवतांच्या व पूर्वजांच्या वेदीवर ठेवतात. ती वर्षभर राहतात आणि पुढील तेतला बदलली जातात.

पोलंडमध्ये ईस्टरपूर्वीच्या रविवारी, म्हणजे पाम संडेला, चर्चमध्ये झावळ्या नेण्याची प्रथा आहे. तेथील हवामानात ताडवर्गीय झाडे वाढत नाहीत. म्हणून ईशान्येकडील कुर्पिये प्रदेशात सरळ वाढलेल्या लहान झाडाच्या खोडाभोवती सदाहरित डहाळ्या बांधून त्यावर क्रेप कागदाची फुले बसवतात. अशा झावळ्या काही मीटर उंच असतात. विसे या गावी त्यांची दरवर्षी स्पर्धा होते.

ईस्टरचा दिवस २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. तो लवकर आल्यास उत्तर व मध्य युरोपात बागा अजून उघड्याबोडक्याच असतात. अशा वेळी सणाच्या भोजनाचे टेबल डॅफोडिल, ट्यूलिप, हायसिंथ यांच्या कागदी प्रतिकृतींनी सजवले जाते. निसर्गाने अजून न दिलेले फूल आधी हाताने घडवून त्याची वाट पाहणे, हा या सर्व प्रथांतील समान भाव आहे.

कागदाचे प्रकार

क्रेप कागद : ओलसर कागद तापलेल्या गुळगुळीत दंडगोलाला चिकटतो. तो धारदार पात्याने खरवडून काढताना त्यावर बारीक समांतर सुरकुत्या पडतात. त्या उलगडून कागद ताणला जातो. म्हणून क्रेप कागद सुरकुत्यांना काटकोनात ताणतो. सुरकुत्यांच्या दिशेने जवळजवळ मुळीच ताणत नाही. फुलांसाठीचा जाड क्रेप बहुधा ५० सेंटिमीटर रुंद व अडीच मीटर लांब गुंडाळीत मिळतो. त्याचे वजन प्रकारानुसार प्रति चौरस मीटर सुमारे ६० ते १८० ग्रॅम असल्याचे वेष्टनावर दर्शवलेले असते. कमी वजनाचा कागद नाजूक पाकळ्यांना, तर अधिक वजनाचा कागद मोठ्या, खोलगट पाकळ्यांना योग्य ठरतो.

टिश्यू व पतंगी कागद : हे पातळ व अर्धपारदर्शक असतात. ते ताणले जात नाहीत; त्यामुळे आकार देण्यासाठी घडी, चुणी व थर यांवर भर द्यावा लागतो. शाळांमध्ये प्रचलित असलेले झेंडूसारखे भरगच्च फूल याच कागदाचे करतात. सात-आठ कागद एकावर एक ठेवून पंख्यासारख्या घड्या घालतात, मध्यभागी तारेने बांधतात, दोन्ही टोके गोल कापतात आणि एकेक थर अलगद वर ओढून फुलवतात.

घोटीव व जाड रंगीत कागद : घोटून चकचकीत केलेला रंगीत कागद पताका, मखर व तोरणे यांसाठी महाराष्ट्रात परिचित आहे. ताठपणामुळे तो सपाट किंवा भौमितिक आकाराच्या फुलांना अधिक शोभतो.

साहित्य

कागदाखेरीज कात्री, मोजपट्टी, पाकळ्यांचे पुठ्ठ्याचे साचे, देठासाठी जाड तार, पाकळ्या व पाने आधारासाठी बारीक तार, तार कापण्याची पक्कड, पांढरा गोंद किंवा गव्हाच्या पिठाची खळ आणि देठ गुंडाळण्यासाठी हिरवी पट्टी एवढे साहित्य पुरते. तारेचा गेज क्रमांक जितका मोठा, तितकी तार बारीक असते. देठासाठी १८ गेजची आणि पाकळ्यांसाठी २४ ते २८ गेजची तार सामान्यतः वापरतात. फुलकामाच्या टेपवर मेणासारखा लेप असतो. टेप ताणल्यावरच ती चिकट होते. टेप नसल्यास हिरव्या क्रेपची अरुंद पट्टी चालते. मात्र ती सुरकुत्यांना काटकोनात कापलेली असावी. तरच ती लांबीच्या दिशेने ताणून देठाभोवती घट्ट बसते.

सर्वसाधारण कृती

प्रथम मूळ फुलाचे निरीक्षण करून पाकळ्यांची संख्या, त्यांची मंडले, केसरांची रचना व देठाला असलेला बाक यांची नोंद घेतात. त्यानंतर फूल आतून बाहेर या क्रमाने रचले जाते : केसर, पाकळ्या, निदले, देठ आणि शेवटी पाने.

पाकळी कापताना कागदावरील सुरकुत्या पाकळीच्या लांबीला समांतर ठेवतात. मग पाकळीचा मध्यभाग दोन्ही अंगठ्यांनी हळुवारपणे बाहेरच्या दिशेने ताणला की तेथे वाटीसारखी खोली येते. कडा ताणल्यास झालर तयार होते. कड पेन्सिलवर गुंडाळल्यास ती मागे वळते. सुरकुत्या आडव्या आल्यास यांपैकी काहीही साधत नाही आणि पाकळी लवकरच लोंबू लागते. नवशिक्यांच्या फुलांमधील बहुतेक दोष या एका कारणामुळे उद्भवतात.

केसरांसाठी पिवळ्या कागदाच्या पट्टीला सुरकुत्यांच्या दिशेने बारीक काप देऊन झालर करतात आणि ती तारेच्या टोकाभोवती गुंडाळतात. गोंद अत्यल्प वापरावा लागतो. अधिक झाल्यास क्रेपचा रंग उतरतो व सुरकुत्या सपाट होतात.

डॅफोडिल

डॅफोडिलला दोन मंडलांत मिळून सहा परिदले आणि मध्यभागी कर्ण्याच्या आकाराचा मुकुट असतो. मुकुटासाठी गडद पिवळ्या वा नारिंगी क्रेपची सुमारे ४ सेंटिमीटर उंच व ८ सेंटिमीटर लांब पट्टी सुरकुत्या उभ्या ठेवून कापतात. तिची टोके जोडून नळी करतात, वरची कड चिमटीने ताणून झालरदार करतात आणि खालची बाजू तारेवरील सहा पुंकेसर व एक स्त्रीकेसर यांच्याभोवती आवळतात. सुमारे ५ सेंटिमीटर लांबीची, टोकदार अशी सहा परिदले फिकट पिवळ्या कागदातून कापून त्यांतील तीन प्रथम आणि उरलेली तीन त्यांच्या मधल्या जागांत बसवतात. देठ गुंडाळल्यावर फुलाची मान जवळजवळ काटकोनात वाकवतात. खऱ्या डॅफोडिलच्या मानेशी कळीचे वाळलेले तपकिरी आवरण शिल्लक असते. तपकिरी कागदाचा लहानसा चुरगळलेला तुकडा तेथे लावताच प्रतिकृतीला आश्चर्यकारक जिवंतपणा येतो. पाने लांब, अरुंद व पट्टीसारखी असतात; ती देठावर न येता तळापासून निघतात.

ट्यूलिप

ट्यूलिपलाही तीन-तीनच्या दोन मंडलांत सहा परिदले असतात, परंतु ती पेल्यासारखी मिटलेली दिसतात. त्यांच्यासाठी जाड क्रेप घेऊन परिदलाचा खालचा दोन-तृतीयांश भाग खोल ताणतात व वरची कड न ताणता तशीच ठेवतात. आतील तीन परिदले एकमेकांवर किंचित चढवून बसवली म्हणजे पेला बंद राहतो. मध्यभागी तीन भागांचा कुक्षी आणि सहा गडद पुंकेसर असतात. देठ सरळ ठेवतात, मात्र फुलदाणीत लावताना एखाददुसऱ्या देठाला हलका बाक देतात. कारण कापलेले ट्यूलिप पाण्यातही वाढत राहते व प्रकाशाकडे वळते.

फांदीवरील बहर

पीच, चेरी यांसारख्या झाडांना पालवीपूर्वी किंवा पालवीबरोबर फुले येतात. त्यांच्यासाठी वाळलेली खरी फांदी घेऊन तिच्यावर पाच पाकळ्यांची लहान फुले व कळ्या चिकटवतात. सर्व फुले पूर्ण उमललेली न ठेवता टोकाकडे कळ्या व खाली उमललेली फुले ठेवल्यास बहर नैसर्गिक दिसतो. भारतातील काटेसावरही पानगळ झालेल्या फांद्यांवर पाच मांसल, तांबड्या पाकळ्यांची फुले धारण करते. जाड क्रेप वापरून याच पद्धतीने तिची प्रतिकृती करता येते.

टेबलावरील मांडणी

भोजनाच्या टेबलावरील सजावट बसलेल्या व्यक्तींच्या दृष्टीच्या आड येऊ नये, हा तिचा पहिला नियम होय. म्हणून मध्यवर्ती रचनेची उंची साधारणतः २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत ठेवतात. उंच फांद्या लावायच्या असल्यास त्या विरळ ठेवतात. टेबल लांबट असल्यास एका मोठ्या पात्राऐवजी तीन किंवा पाच लहान पात्रे रांगेने मांडणे सोयीचे ठरते. रचना सर्व बाजूंनी दिसत असल्यामुळे फुलांची तोंडे निरनिराळ्या दिशांना वळवतात.

कागदी फुले वजनाने हलकी असल्याने पात्र सहज कलंडते. त्यासाठी तळाशी वाळू किंवा गोटे भरतात. पात्रात पाणी घालत नाहीत. क्रेपचा रंग ओलाव्याने सुटून टेबलक्लॉथवर व अन्नावर उतरू शकतो. म्हणून फुले ताटांपासून दूर ठेवतात आणि खाद्यपदार्थांवर थेट खोवत नाहीत. कागद त्वरित पेट घेत असल्यामुळे फुलांच्या रचनेत उघड्या ज्योतीची मेणबत्ती ठेवणे धोकादायक आहे.

श्रम व आरोग्य

घरगुती छंद म्हणून निरुपद्रवी भासणाऱ्या कृत्रिम फुलांच्या व्यवसायाला वेदनादायक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात पानांना तजेलदार हिरवा रंग देण्यासाठी आर्सेनिकयुक्त भुकटी वापरली जाई. लंडनमधील मटिल्डा शूरर ही १९ वर्षांची कामगार कृत्रिम पानांवर ही भुकटी पसरवण्याचे काम करीत असे. १८६१ साली आर्सेनिकच्या विषबाधेने तिचा मृत्यू झाला. या घटनेला वृत्तपत्रांतून प्रसिद्धी मिळाली आणि आर्सेनिकयुक्त हिरव्या रंगाविरुद्ध लोकमत जागृत होण्यास तिचा हातभार लागला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी न्यूयॉर्कमधील दाट वस्तीच्या चाळवजा इमारतींत स्थलांतरितांची कुटुंबे नगावर मिळणाऱ्या तुटपुंज्या मजुरीसाठी कृत्रिम फुले तयार करीत. छायाचित्रकार लुइस हाइन यांनी टिपलेल्या छायाचित्रांत आईबरोबर लहान मुलेही एकाच टेबलाभोवती फुले जोडताना दिसतात. मेरी व्हॅन क्लीक यांनी या स्त्री-कामगारांच्या वेतनाचा व कामाच्या परिस्थितीचा अभ्यास करून १९१३ साली 'आर्टिफिशियल फ्लॉवर मेकर्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. एका टेबलाची शोभा वाढवणारी फुले दुसऱ्या टेबलावर किती कष्टाने घडतात, हे या नोंदींमुळे समाजापुढे आले.

याच्या उलट, सामुदायिक श्रमाचे उदाहरण पोर्तुगालमधील कांपू मायोर या गावात आढळते. तेथील लोकोत्सवात, जो ग्रामस्थांची इच्छा असेल त्याच वर्षी साजरा होतो, रस्त्यांवर कागदी फुलांचे छत उभारतात. प्रत्येक रस्त्याचे रहिवासी अनेक महिने एकत्र बसून फुले करतात आणि आपली रचना उत्सवाच्या आदल्या रात्रीपर्यंत गुप्त ठेवतात. २०२१ साली युनेस्कोने या परंपरेचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

महाराष्ट्रात

महाराष्ट्रात वसंत ऋतूतील गृहसजावटीचा प्रमुख प्रसंग म्हणजे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होय. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत गौर पाळण्यात बसवून तिच्याभोवती पायऱ्यांची आरास करतात आणि आलेल्या सवाष्णींना आंब्याची डाळ, पन्हे व भिजवलेले हरभरे देतात. या काळात मोगरा मुबलक असल्याने पूजेला ताजीच फुले वाहतात. आराशीच्या पायऱ्या, मखर व तोरणे यांत मात्र कागदी फुलांना स्थान मिळते. उन्हाळ्यात ताजी फुले काही तासांतच कोमेजतात, हे त्यामागील व्यावहारिक कारण आहे. थंड देशांत फुले नसतात म्हणून, तर येथे ती टिकत नाहीत म्हणून कागदाचा आधार घेतला जातो.

गणेशोत्सवातील मखरे आणि मोहरमचे ताबूत यांच्या सजावटीतही रंगीत कागद व बेगड यांचा वापर परंपरेने होत आला आहे. शालेय कार्यानुभवात कागदी फुलांचा समावेश असल्यामुळे अनेक पिढ्यांना ही कला परिचित आहे. २३ मार्च २०१८ रोजी राज्य शासनाने प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. सजावटीचे थर्माकोल त्यात समाविष्ट असल्याने कागद, कापड व बांबू या पर्यायांना पुन्हा महत्त्व प्राप्त झाले.

टिकाऊपणा व जतन

कागदी फुलांचे तीन शत्रू मानले जातात : सूर्यप्रकाश, दमट हवा आणि धूळ. क्रेपमधील रंग प्रकाशात फिके पडतात. तांबड्या व जांभळ्या छटांत हा बदल चटकन जाणवतो. दमट हवेत ताणलेल्या पाकळ्या सैल पडतात व तारेला गंज चढतो. पावसाळ्यात म्हणूनच फुले कोरड्या, बंद खोक्यात, पाकळ्यांवर भार न येईल अशा रीतीने ठेवतात. धूळ मऊ कुंचल्याने झटकतात. पूर्वी फुले वितळलेल्या मेणात क्षणभर बुडवून त्यांना जलरोधक केले जाई; परंतु त्यामुळे ती अधिक ज्वालाग्राही होतात.

केवळ कागद, खळ व बांबूची काडी यांपासून केलेले फूल मातीत कुजून जाते. तार, प्लास्टिकमिश्रित टेप किंवा चमकी वापरल्यास हा गुण राहत नाही. असे भाग टाकून देण्यापूर्वी वेगळे करावे लागतात. कागदी फूल कायम टिकावे अशी अपेक्षा बहुतेक परंपरांनी ठेवलेली नाही. नारा येथील कॅमेलिया आणि थान्ह तिएनची वेदीवरील फुले दरवर्षी नव्याने केली जातात. फूल जुने होते, परंतु ते करण्याचे कौशल्य प्रत्येक वसंतात पुन्हा हातांत उतरते; या कलेच्या दीर्घायुष्याचे ते एक प्रमुख कारण आहे.